गाठ आहे, पण जिवंत आहे का?

सीटीला जे कळत नाही

तोंडाच्या कॅन्सरवर केमो झाली, दीड-दोन महिने रेडिएशनचा शेक घेऊन झाला, आणि तरी मानेत एक गाठ हाताला लागते आहे. सीटी स्कॅनमध्येही ती दिसते. आता पुढे काय? पुन्हा शस्त्रक्रिया करायची की थांबायचे? वर्धा जिल्ह्यात तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घराला हा प्रश्न नवा नाही. गाठ आहे आणि ती एवढ्या सेंटिमीटरची आहे, इतकेच सीटी सांगतो. तिच्यात कॅन्सरच्या पेशी अजून जिवंत आहेत की उपचारानंतर नुसता वण उरला आहे, हे त्याला सांगता येत नाही.

एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी प्रामुख्याने आकार पाहतात. अणुवैद्यकातल्या तपासण्या काम पाहतात. मूत्रपिंड किती गाळते, हाड कुठे नव्याने घडते आहे, हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचते, गाठ किती साखर खाते, अशा प्रश्नांची उत्तरे त्या देतात. त्यांची रीतही उलटी आहे. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून सोडतात आणि ते शरीरातून आरपार जातात. इथे शिरेतून अगदी थोडे किरणोत्सारी औषध देतात, ते शरीरात आपल्या ठिकाणी जाऊन बसते आणि तिथून किरण बाहेर येतात. यंत्र स्वतः काही सोडत नाही, आलेले किरण फक्त टिपते.

या औषधाला ट्रेसर म्हणतात. त्यात दोन गोष्टी जोडलेल्या असतात. एक रेणू, ज्याला शरीरात कुठे जायचे ते ठाऊक असते, आणि एक किरणोत्सारी अणू, जो आपला ठावठिकाणा कळवत राहतो. जॉर्ज द हेवेशी या शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसे वापरून वनस्पतीच्या मुळांपासून पानांपर्यंतचा प्रवास शोधला होता. पुढे याच पद्धतीसाठी त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज रुग्णाच्या शिरेत दिला जाणारा ट्रेसर त्याच कल्पनेवर चालतो.

यंत्रे मुख्यतः दोन. गामा कॅमेऱ्यापुढे शिशाची जाळी असते. सरळ येणारे किरण तिच्यातून पुढे जातात आणि मागच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळून प्रकाशाचे ठिपके उमटवतात. पेट स्कॅनमध्ये ट्रेसरमधून पॉझिट्रॉन निघतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि नेमक्या विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. रुग्णाभोवतीचे कडे हे दोन्ही किरण एकाच क्षणी पकडते आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून जागा शोधते. सोबत सीटी असला की तो पेट-सीटी. काम आणि आकार एकाच चित्रात दिसतात.

ट्रॉम्बे आणि परळ

भारतात या शास्त्राची मोठी पायाभरणी महाराष्ट्रात झाली. ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये सायरस आली आणि १९८५ मध्ये ध्रुव. अणुभट्टी म्हटली की लोकांना वीज किंवा बॉम्ब आठवतो. पण रुग्णालयांना लागणारी कितीतरी समस्थानिके या संशोधन भट्ट्यांमधूनच आली. त्यांचा रुग्णांसाठी उपयोग करायला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात उभे राहिले. थायरॉईडच्या रुग्णांची फार मोठी सेवा या केंद्राने केली. अणुवैद्यकात काम करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांच्या अनेक पिढ्या तिथे शिकल्या. ट्रेसरसाठी किरणोत्सारी अणू बनवणारा देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये याच केंद्रात आला. दोन वर्षांनी टाटा मेमोरियलमध्ये पेट-सीटी सुरू झाला.

विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून परळला पोचणारी वर्ध्याकडची माणसे हा परिसर चांगला ओळखतात. मात्र पेट-सीटी तपासणी आता एकट्या मुंबईची राहिलेली नाही. नागपुरातही ती होते, आणि विदर्भातल्या रुग्णासाठी ही फार मोठी सोय आहे.

सहा तास आणि एकशे दहा मिनिटे

या शास्त्रात घड्याळाला फार महत्त्व आहे. किरणोत्सारी अणू ठरावीक वेळात निम्मे होतात, पुन्हा तेवढ्याच वेळात उरलेल्याचे निम्मे. हा त्यांचा अर्धायुकाल. तो ना थंडीने वाढतो, ना फ्रीजमध्ये ठेवल्याने.

गामा कॅमेऱ्यात सर्वाधिक वापर होतो तो टेक्नेशियम-९९एम याचा. त्याचा अर्धायुकाल सहा तास. सकाळी आठला जेवढे असेल त्याचा सोळावा हिस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उरतो. असे औषध मुंबईत बनवून गावोगाव कसे पोचवायचे? यावरचा तोडगा १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत निघाला. टेक्नेशियमऐवजी त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवायचा. त्याचा अर्धायुकाल ६६ तास, म्हणजे प्रवासाला पुरेसा. शिशाच्या आवरणातली ही छोटी नळी रुग्णालयात येते. आत मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होत राहते, आणि तंत्रज्ञ सकाळी मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून ते वेगळे काढतात. या व्यवसायातले लोक तिला ‘मॉली काऊ’च म्हणतात, कारण ती गाईसारखी रोज दूध देते. आठवडा झाला की तिचे दूध सहाव्या हिश्श्यावर येते आणि नवी मागवावी लागते.

ही साखळी किती नाजूक आहे ते २००९-१० मध्ये जगाने पाहिले. कॅनडातल्या चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी मे २००९ मध्ये गळतीमुळे बंद पडली. नेदरलँड्समधल्या पेटेनची भट्टीही फेब्रुवारी २०१० मध्ये दुरुस्तीसाठी थांबली. जगाच्या मॉलिब्डेनम पुरवठ्याचा मोठा भाग या दोन भट्ट्यांवर अवलंबून होता. अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. देशातच समस्थानिके बनवणे ही रुग्णाच्या जिवाशी जोडलेली गरज आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

पेट स्कॅनचे घड्याळ आणखी कडक आहे. त्यातला नेहमीचा ट्रेसर एफडीजी. त्यात फ्लोरिन-१८ असते आणि त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटे. ते सायक्लोट्रॉनमध्ये बनते, शुद्ध होते, तपासले जाते आणि लगेच गाडीने किंवा विमानाने निघते. वर्ध्यापासून नागपूर साधारण ७५ किलोमीटर. रस्त्यात आणि उतरवून घेण्यात मिळून पावणेदोन-दोन तास गेले, तर निघताना भरलेल्यापैकी निम्मेच हाती लागते. म्हणून पाठवणारे हिशेब करून जास्त भरतात, आणि अंतर वाढेल तसा खर्च वाढतो. सायक्लोट्रॉनपासून दूर असलेल्या केंद्रांसाठी गॅलियम-६८ चा मार्गही आहे. त्याचा स्वतःचा अर्धायुकाल फक्त ६८ मिनिटे, पण त्याचा जनक जर्मेनियम-६८ हा २७१ दिवसांनी निम्मा होतो. त्यामुळे एक नळी बरेच महिने चालते. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आणि काही दुर्मीळ गाठींसाठी हा ट्रेसर उत्तम आहे. तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरला मात्र एफडीजीच लागते.

या घड्याळाचा रुग्णाशी थेट संबंध आहे. तुमच्या नावाचा डोस तुमच्या वेळेसाठी मागवलेला असतो. आष्टी किंवा समुद्रपूरहून निघालेली एसटी दोन तास उशिरा पोचली, तर तो डोस कुणासाठी थांबत नाही. ठरलेल्या वेळेच्या आधी पोचणे, शक्य असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जाणे, हा उपचाराचाच भाग धरावा.

खर्रा, मानेतली गाठ आणि पेट स्कॅन

विदर्भात खर्ऱ्याने काय केले आहे, ते कॅन्सर विभागाच्या बाकांवर बसलेली माणसे पाहिली की कळते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून गालात धरायचा. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. गाल आणि हिरडी यांच्या खाचेत सुरू झालेला कॅन्सर मानेतल्या लसिका गाठींकडे सरकतो.

कॅन्सरच्या पुष्कळ पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा खूप जास्त साखर ओढतात. ऑटो वारबुर्गने हे १९२० च्या दशकात दाखवले होते. एफडीजी म्हणजे किंचित बदललेली साखर. पेशी तिला साखर समजून आत घेते, पहिली रासायनिक पायरी पार पाडते आणि पुढे तिला ती पचवता येत नाही. म्हणून ती तिथेच अडकते आणि चमकते. माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिले ते १९७६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात.

उपचारानंतर ही तपासणी किती कामाची आहे, याचा भक्कम पुरावा ब्रिटनमधल्या पेट-नेक या अभ्यासाने २०१६ मध्ये दिला. मानेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर गेलेले ५६४ रुग्ण त्यात होते. अर्ध्यांसाठी मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरवली होती. उरलेल्यांचा केमो आणि शेक संपल्यावर बारा आठवड्यांनी पेट-सीटी काढला आणि शंका वाटली तरच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या गटात ५४. दोन वर्षांनी जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. एवढ्या माणसांची मान कापायची वाचली.

तरी हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये. त्या अभ्यासातले बहुतांश रुग्ण घशाच्या कॅन्सरचे होते आणि त्यामागे बहुधा विषाणू होता. खर्ऱ्याने झालेला गाल-हिरडीचा कॅन्सर वेगळ्या स्वभावाचा आहे आणि त्यावर सहसा आधी शस्त्रक्रियाच करतात. पण बारा आठवड्यांची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. शेक संपताच केलेल्या पेट स्कॅनमध्ये सुजलेल्या ऊती चमकतात आणि उगाच घबराट होते. डॉक्टर तीन महिने थांबा म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत.

लिम्फोमा या लसिका गाठींच्या कॅन्सरमध्ये पेट स्कॅन उपचार चालू असतानाच दिशा दाखवतो. फ्रान्समधल्या दोव्हिल गावी २००९ मध्ये तज्ज्ञांनी पाच गुणांची एक पट्टी ठरवली. गाठीची चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकीशी ताडून पाहायची. पहिले तीन गुण साधारणपणे दिलासा देणारे, चार आणि पाच काळजीचे. दोनच सायकलनंतर अशी तपासणी करून पुढचे औषध कमी करायचे की वाढवायचे, हे ठरवता येते.

चमकले म्हणजे कॅन्सरच का?

नाही, आणि आपल्या देशात हे ठासून सांगायला हवे. साखर ओढणाऱ्या पेशी फक्त कॅन्सरच्या नसतात. क्षयाने सुजलेली गाठ, न्यूमोनिया, ताजी शस्त्रक्रिया, दातातला पू, हे सगळे पेट स्कॅनवर उजळते. छातीतली क्षयाची गाठ आणि कॅन्सरची गाठ पेट स्कॅनवर हुबेहूब सारखी दिसू शकते. त्यामुळे उपचार बदलणारा निर्णय असेल, तर तुकडा काढून तपासणे टळत नाही. उलट बाजूही आहे. अगदी छोट्या गाठी आणि सावकाश वाढणारे काही कॅन्सर उजळतच नाहीत. मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे तिथली गाठ त्या चमकीत हरवते. काहीच त्रास नसताना ‘एकदा सगळे अंग तपासून घेऊ’ म्हणून पेट स्कॅन करू नये.

सिकलसेलची मुले

अणुवैद्यक म्हणजे कॅन्सर असे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात सिकलसेलचा विचार तितकाच व्हायला हवा. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, हा आजार पिढ्यानपिढ्या आहे.

सिकलसेलच्या मुलाला ताप आला, मांडीचे हाड सुजले आणि हात लावू देत नाही, तर दोन शक्यता असतात. विळ्याच्या आकाराच्या पेशींनी रक्तवाहिनी बंद होऊन हाडाचा तुकडा उपाशी पडलेला असतो, किंवा हाडात जंतुसंसर्ग झालेला असतो. पहिल्यात वेदनाशामक, पाणी आणि आराम. दुसऱ्यात आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके, कधी शस्त्रक्रिया. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि सुरुवातीला एक्स-रे साधाच येतो. इथे टेक्नेशियमच्या दोन तपासण्या एकमेकींना पूरक ठरतात. एक हाडाची, दुसरी हाडातल्या मगजाची. दुखऱ्या जागी मगजाने ट्रेसर कमी घेतला, तर रक्तपुरवठा अडल्याची शक्यता जास्त. मगज नेहमीसारखा दिसला आणि हाडाच्या स्कॅनमध्ये मात्र बिघाड आढळला, तर संसर्गाचा संशय पक्का होतो. खुब्याचे हाड आतून मरू लागले असेल तर आज एमआरआय जास्त उपयोगी आहे, हेही सांगायला हवे.

दुसरा प्रश्न प्लीहेचा. रक्तातले जंतू गाळणे हे तिचे काम. सिकलसेलमध्ये ती हळूहळू हे काम सोडते, आणि कधी कधी हाताला लागत असूनही आतून निकामी असते. टेक्नेशियमचे कोलॉइड दिले की यकृत उजळते आणि प्लीहेची जागा मात्र रिकामी राहते. ही अवस्था १९६९ मध्ये पहिल्यांदा वर्णिली गेली. भारतातल्या सिकलसेलमध्ये प्लीहा पुष्कळदा मोठी आणि बरीच वर्षे टिकलेली असते. त्यामुळे ‘पोटात लागते म्हणजे काम करते’ हा समज इथे जास्त फसवा. असे मूल न्यूमोकॉकसच्या लशीशिवाय राहिले आणि त्याला साधा ताप आला, तरी ती घाईने दवाखाना गाठण्याची गोष्ट आहे.

मूत्रपिंड, हाडे, थायरॉईड, हृदय

लहान मुलाला वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल, तर डीएमएसए स्कॅन मूत्रपिंडावरचे वण दाखवतो. खड्याने किंवा जन्मजात अडथळ्याने मूत्रपिंड फुगले असेल, तर डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांचा कामातला वाटा टक्केवारीत कळतो. काढायचे की वाचवायचे, हा निर्णय त्यावर ठरतो. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरात हाडांचा स्कॅन दूरवर पसरलेल्या जागा शोधतो. इंजेक्शननंतर तीनेक तास थांबावे लागते. हृदयाच्या स्कॅनमध्ये श्रमानंतरचा आणि विश्रांतीतला रक्तपुरवठा ताडून पाहतात.

थायरॉईडची गोष्ट वेगळी. तिथे आयोडीन-१३१ तपासते आणि उपचारही करते, कारण थायरॉईडच्या पेशी आयोडीन आपणहून ओढून घेतात.

तपासणीच्या दिवशी

एफडीजी पेट स्कॅनआधी चार ते सहा तास उपाशी राहायचे, साधे पाणी चालते. चहा नको, खडीसाखर नको, सलाइनमधून ग्लुकोजही नको. रक्तातली साखर साधारण दोनशेच्या वर असेल, तर खरी साखर आणि ट्रेसर यांची स्पर्धा लागते आणि चित्र फिके येते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने आपली गोळी आणि इन्सुलिनची वेळ आधी फोन करून विचारावी. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. आदल्या दिवशी शेतातले जड काम टाळावे. राबलेले स्नायू साखर ओढतात आणि चित्र बिघडवतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायला सांगतात. बोलले किंवा चघळले तर जबड्याचे आणि घशाचे स्नायू उजळतात, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेमकी तीच जागा पाहायची असते. खर्रा तर त्या दिवशी मुळीच नको.

पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगावे. आयोडीन-१३१ देताना याचा अर्थ फार गंभीर असतो. त्यानंतर त्या बाळाला अंगावर पाजणे कायमचे थांबवावे लागते.

किरणांची भीती

नेहमीच्या एफडीजी डोसातून साधारण सात मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो. सोबतच्या सीटीची भर वेगळी पडते. हाडांच्या स्कॅनमधून साधारण चार. माती, आकाश आणि अन्न यांतून माणसाला जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे ही मात्रा नगण्य नाही आणि भयंकरही नाही. योग्य कारण असेल तर नक्की घ्यावी, कारण नसेल तर घेऊ नये. मुलांना डोस वजनाप्रमाणे कमी देतात. ही केंद्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय चालू शकत नाहीत आणि प्रत्येक ठिकाणी किरणसुरक्षेचा जबाबदार अधिकारी असतो.

पेट स्कॅन करून आलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत टाकू नये. अठरा तासांत फ्लोरिनचा साधारण नऊशेवा हिस्साच उरतो. त्या दिवसापुरते भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीला जावे, तान्ह्या मुलाला तासन् तास मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईपासून थोडे दूर बसावे. भांडी, कपडे वेगळे करण्याचे कारण नाही.

खर्च आणि जुनी सीडी

तपासणी महाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या आजाराच्या पॅकेजमध्ये ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधीच विचारावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवून दाखवला, तो याच जिल्ह्यात. परवडत नाही म्हणून इथल्या सिकलसेलच्या मुलाचा हाडाचा स्कॅन राहून जावा, हे मला मान्य नाही.

अहवालात गाठीची चमक मोजणारा एसयूव्ही नावाचा आकडा असतो. मागच्या वेळी आठ होता आणि आता पाच आला, म्हणून सुटकेचा श्वास टाकण्याआधी थांबावे. त्या दिवशीची साखर, इंजेक्शन आणि स्कॅन यांतले अंतर, यंत्राचा प्रकार, या सगळ्याने तो हलतो. शक्यतो त्याच केंद्रात पुन्हा तपासणी करावी, आणि नुसता छापील कागद न नेता आधीच्या स्कॅनची सीडीही न्यावी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तरच गाठ खरोखर विझते आहे का ते डॉक्टरांना सांगता येते.